सहा मिनिटांचा धंदा : पुण्यात व्हीआर चालवताना

वायपरमोटर
मागे 'नोकरी सोडून काय केलंत' या धाग्यावर मी दोन ओळी टाकल्या होत्या. त्यावर तिघाचौघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सविस्तर लिहा म्हणून सांगितलं, म्हणून हा धागा. धंदा व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटी), म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून माणसाला आभासी जगात फिरवून आणायचं. धंद्याचं नाव लिहीत नाही, नाहीतर जाहिरात म्हणून उडेल.

सुरुवात नाना पेठेतून करावी लागेल. वडिलांचं तिथे छोटं वर्कशॉप होतं. वर्षभर ग्रिल, शटर, लोखंडी जिने. जून लागला की मंडळांचे कार्यकर्ते यायचे आणि मग गणपतीपर्यंत फक्त हलते देखावे. महाराजांचा हात खाली यायचा, खान मागे कलंडायचा, मागे लाल दिवा. हे सगळं चालायचं भंगारात मिळणाऱ्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरींवर. १२ व्होल्टची मोटर, आत वर्म गिअर, त्यामुळे फिरते हळू आणि जोर मात्र भरपूर. सोबत सायकलची चेन आणि लाकडाचे कॅम. बाबांचा एक नियम होता: देखावा सात मिनिटांच्या वर न्यायचा नाही. मंडळाच्या अध्यक्षाला अख्खं शिवचरित्र घालायचं असायचं. बाबा म्हणायचे, आठव्या मिनिटाला मागची रांग ढकलायला लागते.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीत ड्रॉइंग ऑफिसला लागलो. २०१४ च्या शेवटी हिंजवडीतल्या एका मित्राने ऑक्युलस या व्हीआर हेडसेटचा डेव्हलपरांसाठीचा दुसरा संच अमेरिकेतून मागवला. पामर लकी नावाच्या पोराने त्यासाठी २०१२ मध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून पैसे जमवायची साइट) अडीच लाख डॉलर मागितले, लोकांनी चोवीस लाख दिले, आणि २०१४ मध्ये फेसबुकने कंपनीच विकत घेतली, हे तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. डोळ्यांवर चढवून बघणं वेगळं. एका डोळ्याला ९६० बाय १०८० ठिपके, म्हणजे डासांच्या जाळीतून बघितल्यासारखं दिसायचं. डेमोत एक इटालियन बंगला होता. मी कठड्यावर हात टेकायला गेलो आणि मित्राच्या डायनिंग टेबलावरचा पोळ्यांचा डबा खाली. त्याची आई स्वयंपाकघरातून धावत आली. मला त्या डब्याचं भान नव्हतं. पुढच्या वर्षी नोकरी सोडली.

पहिली दोन वर्षं बिल्डरांचं काम केलं. बाणेर-वाकडला इमारत उभी राहायच्या आत गिऱ्हाइकाला फ्लॅटमध्ये फिरवून आणायचं. एका साहेबांनी बाल्कनीतून टेकडी दाखवायला लावली. समोर त्यांचीच बी विंग येणार होती. मी विचारलं, तर म्हणाले, 'ती फेज टू आहे.' त्यांचे शेवटचे पैसे अजून यायचेत, तीही बहुधा फेज टू असावी.

२०१७ मध्ये मॉलमध्ये गाळा घेतला. गाळा कसला, चालायच्या वाटेवर दहा बाय बाराचा चौकोन. ग्वांगझूहून अंड्याच्या आकाराची दोन सीटची खुर्ची आणली, न्हावाशेवाला कस्टममध्ये सोडवताना निम्मा जीव गेला. तिच्यावर मोठ्ठं '९डी' लिहिलेलं होतं. बाकीचे सहा डी कुठले, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. सहा मिनिटांची रोलर कोस्टर, तिकीट १५०. उद्घाटन जूनमध्ये, १ जुलैला जीएसटी आला आणि आमच्या सीएने आम्हाला मनोरंजन उद्यानांच्या २८ टक्क्यांत बसवलं. १५० मधले ३३ रुपये सरकारचे. २०१८ च्या जानेवारीत ते १८ टक्के झालं, तेव्हा २३ वर आले.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. हात दुखले.

काटकसर
मस्त. पण हिशेब सांगा की. सहा मिनिटं म्हणजे तासाला दहा फेऱ्या, दोन सीट, वीस माणसं. वीस गुणिले १५० म्हणजे तासाला ३०००. मॉल अकरा तास उघडा. दिवसाला ३३०००. मग इथे कशाला लिहीत बसलाय, मालदीवला जा.

वायपरमोटर
काटकसर, हाच गुणाकार मी बायकोला दाखवला होता. सासऱ्यांनाही.

खेळ सहा मिनिटांचा, पण माणूस खुर्चीत दहा मिनिटं असतो. चष्मा काढू का, पर्स कुठे ठेवू, पट्टा घट्ट होतोय, मला काही दिसत नाहीये (डोळे मिटलेले असतात), उतरताना फोटो. मधे फोम पुसायचा. म्हणजे तासाला सहा फेऱ्या, बारा माणसं, तीसुद्धा दोन्ही सीट भरल्या तर. एकटं येणारं पोर असतंच. आणि मंगळवारी दुपारी मॉलमध्ये फक्त एसीला बसलेली आजी-आजोबा मंडळी. खरी कमाई शनिवार-रविवार संध्याकाळी पाच ते नऊ. आठवड्याचे हे आठ तास चुकले की आठवडा गेला. मॉलचा करार असा की ठरलेलं भाडं किंवा विक्रीतला वाटा, जे जास्त असेल ते. तुम्ही रिकामे बसलात तरी त्यांचं मीटर चालू.

पहिल्या महिन्यात मी फक्त एक गोष्ट सुधारली. खुर्चीत बसल्यावर देत होतो ती सूचना रांगेत उभं असतानाच द्यायला लागलो. पर्स, चष्मा, पट्टा, सगळं रांगेत. दहाचे साडेआठ झाले. बाबा एका शनिवारी येऊन तासभर बाकड्यावर बसले आणि म्हणाले, रांगेला आधी वळण दे, सरळ रांग लांब दिसते, माणूस परत जातो. दोरी बांधून वळण दिलं. ग्वांगझूवाल्याच्या पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं.

ज्येष्ठ_कोथरूडकर
'वायपर' ला मराठीत पुसणी हा शब्द आहे. आपले सदस्यनाम पुसणीमोटर असावयास हवे होते. बाकी लेखन वाचनीय. रांगेला वळण देण्याचे तंत्र आमच्या मंडळात १९७८ सालीही होते.

चाफेकळी
मला दोन प्रश्न. एक, स्वच्छता. शंभर जणांच्या घामाचं ते मी डोळ्यांना लावायचं? दुसरा, मी एकदा सिंगापूरला घातलं होतं आणि पाच मिनिटांत मळमळून आलं. नवऱ्याला काहीही झालं नाही. असं का? आणि माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला चालेल का? (तीन झाले.)

वायपरमोटर
चाफेकळी ताई, क्रमाने.

स्वच्छता: फोमच्या मूळ गाद्या घाम पितात, म्हणून त्या काढून रेक्झिनसारख्या गुळगुळीत गाद्या लावतो, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसायच्या. भिंगाला मात्र सॅनिटायझर लावायचा नाही, वरचा थर जातो. कोरडं मऊ फडकंच. परदेशातल्या कुठल्याच लेखात न सापडलेले आपले दोन प्रश्न म्हणजे खोबरेल तेल आणि टिकल्या. तेलाने पट्ट्याचं वेल्क्रो सहा महिन्यांत मरतं. टिकल्या गादीच्या वरच्या कडेला चिकटतात. रविवारी रात्री शटर ओढल्यावर आमची मुलगी (कामाला होती, कर्वेनगरची) एक एक टिकली काढून काउंटरच्या काचेला लावायची. दिवाळीच्या आठवड्यात काच गच्च भरली होती. तिच्या अंदाजाने टिकल्या मोजल्या की बायकांचा आकडा कळायचा, आणि तो तिकिटांच्या आकड्याशी बराच जुळायचा.

मळमळणं: कानात आत तोल सांभाळणारं यंत्र असतं. रोलर कोस्टरमध्ये डोळे सांगतात आपण पडतोय, कान सांगतो आपण खुर्चीत बसलोय. मेंदू गोंधळतो. वरंधा घाटात एसटीत पुस्तक वाचलं की नेमकं उलटं होतं, कान सांगतो वळतोय आणि डोळे सांगतात पान स्थिर आहे. ज्याला घाट लागतो त्याला बहुतेक वेळा हेही लागतं. शिवाय डोकं वळवल्यावर चित्र वळायला उशीर झाला तरी होतं. तो उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हवा, आणि चित्र सेकंदाला ९० वेळा बदलायला हवं. आमच्या अंड्यातलं यंत्र त्याच्या जवळपासही नव्हतं. तुम्ही जिथे स्वतःच्या पायांनी चालता असा खेळ घ्या, त्यात फार कमी जणांना त्रास होतो. समोरून पंखा लावला तरी काही जणांना बरं वाटतं.

सहा वर्षं: नाही. मेटाने (म्हणजे पूर्वीच्या फेसबुकने) आपली वयाची अट २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली, त्याच्या खाली तेही परवानगी देत नाहीत. आम्ही सहा वर्षांच्या मुलांना नाही म्हणतो आणि दर रविवारी किमान एका बाबांशी भांडण होतं. 'तो घरी मोबाइलवर सगळं खेळतो हो!' असं ते रागावून सांगतात.

लेस्टरवाला
हा धागा बघून ३० वर्षं मागे गेलो. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकायला होतो, आणि व्हर्च्युअ‍ॅलिटी नावाची व्हीआर यंत्रं त्याच गावची. जोनाथन वाल्डर्न नावाच्या माणसाने डब्ल्यू इंडस्ट्रीज ही कंपनी काढली आणि १९९१ च्या सुमाराला ती यंत्रं गेमच्या दुकानांत उभी राहिली. कमरेभोवती गोल कडं, त्यात उभं राहायचं, डोक्यावर सायकल हेल्मेटच्या वर दगड ठेवल्यासारखं शिरस्त्राण. आत अमिगा ३००० कॉम्प्युटर. एका डोळ्याला २७६ बाय ३७२ ठिपके! बुद्धिबळाच्या पटासारख्या चौथऱ्यांवर फिरायचं, दुसऱ्या खेळाडूला गोळी घालायची आणि वरून एक टेरोडॅक्टिल येऊन उचलून न्यायचा. पौंड मोजले होते, रुपयांत गुणाकार करायचा नाही असं स्वतःला बजावून.

कंपनी १९९३ मध्ये शेअर बाजारात आली आणि १९९७ मध्ये बुडाली. पण वाल्डर्न नाही बुडाला. तो पुढे डिजिलेन्स या कंपनीत पारदर्शक काचेवर चित्र उमटवायच्या तंत्रात शिरला. मला नेहमी वाटतं की खेळाचं दुकान बंद पडल्यावर त्याच्याकडे भिंगांचं ज्ञान उरलं, आणि तेच पुढे विकलं गेलं. धागाकर्त्यांचं काय उरलं?

अवांतर: डोक्यावर घालायचं पहिलं खरं कॉम्प्युटर-यंत्र इव्हान सदरलँडने १९६८ मध्ये केलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागायचं. नाव पडलं डॅमोक्लिसची तलवार.

वायपरमोटर
लेस्टरवाला, छताला टांगण्यावरून हसू आलं. २०१९ मध्ये आम्ही तेच करत होतो. वजन नव्हे, केबल टांगायला. हेडसेटची केबल पायात येते आणि माणूस पडतो, म्हणून छताला आपोआप गुंडाळणाऱ्या पुली लावल्या होत्या.

काय उरलं, हे सांगायला २०१९ पासून सुरू करतो. मॉल सोडला, सिंहगड रोडला दीड हजार चौरस फुटांचं गोडाऊन घेतलं. अर्ध्या भागात त्या पुलीवाल्या जागा आणि अर्ध्या भागात मोकळं फिरायचा खेळ. मोकळ्या खेळाला चार जण, पाठीवर साडेचार किलोचा कॉम्प्युटर. मेलबर्नच्या झीरो लेटन्सीने २०१५ पासून असं केंद्र चालवलं होतं, अमेरिकेत युटाच्या द व्हॉइडने तर खऱ्या भिंती उभारल्या. चष्म्यात भिंत दिसते तिथे हात लावला तर हाताला भिंतच लागते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मादाम तुसाँमध्ये ते सुरू झालं. मी व्हिडिओ बघून बघून वेडा झालो होतो.

पहिल्या आठवड्यात खेळातल्या चित्रात एक खेळाडू सारखा जमिनीत गाडला जायचा. दर वेळी पश्चिमेच्या कोपऱ्यात, दर वेळी कंबरेपर्यंत. आमचे हेडसेट व्हाइव्ह कंपनीचे, त्यांच्या कोपऱ्यात लावायच्या डब्या लेझर फिरवतात, त्यावरून हेडसेटला आपली जागा कळते. सॉफ्टवेअर तीनदा नव्याने टाकलं. चौथ्या दिवशी बाबांनी ऑफिसच्या काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. लेझर त्या काचेवरून परत येत होता. दारावर जुना पडदा टाकला, माणूस जमिनीतून वर आला. देखाव्यात आरशासमोरचा दिवा दुसरीकडेच दिसतो, हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं.

मग मार्च २०२०. दुसऱ्याने तोंडाला लावलेली वस्तू पैसे देऊन आपल्या तोंडाला लावायची, हा आमचा धंदा. द व्हॉइड त्याच वर्षी बंद पडली, सँडबॉक्स व्हीआर या अशाच कंपनीने ऑगस्टमध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं (ती पुढे सावरली). ते वाचून बरं वाटलं म्हणायला लाज वाटते, पण वाटलं. पाठीवरचे कॉम्प्युटर मिळेल त्या भावाला विकले. गोडाऊनच्या मालकाने सहा महिने निम्मं भाडं घेतलं, त्या माणसाच्या घरी मी अजून दिवाळीला जातो.

२०२१ मध्ये भाच्याने दुबईहून फेसबुकचा क्वेस्ट २ हेडसेट आणला. भारतात अधिकृतपणे मिळतच नव्हता. केबल नाही, पाठीवर ओझं नाही, कोपऱ्यात डब्या नाहीत, हेडसेटवरचे कॅमेरेच खोली बघून जागा ओळखतात. अडचण एकच, आमच्या भिंती पांढऱ्याशुभ्र. कॅमेऱ्याला ओळखायला काही खूणच नाही, चित्र सरकायचं. बाबांनी माळ्यावरून देखाव्याचे जुने कापडी पडदे काढले आणि दोन दिवस बसून ब्रशने शिंतोडे उडवले. निळे, काळे, पिवळे, कुठेच सारखे नाहीत. चारी भिंतींना ते लावले. अजून तेच आहेत. एका कोपऱ्यात निरखून बघितलं तर शिंतोड्यांखाली प्रतापगडाचा बुरूज दिसतो.

टॉर्क
चाकणहून +१. आमच्या कंपनीत मागच्या वर्षी अग्निशामक वापरायचं प्रशिक्षण हेडसेटवर झालं. पिन काढा, नळी मुळाशी धरा, मूठ दाबा, झाडल्यासारखं फिरवा. पूर्वी वर्षातून एकदा पार्किंगमध्ये ट्रेमध्ये डिझेल पेटवायचे, दोघे करायचे आणि चाळीस जण सावलीत उभे. धागाकर्ते, तुम्हीच होतात का?

आणि एक गंभीर प्रश्न. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून २५ हून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. तुमच्याकडे डोळे-कान झाकलेली माणसं आहेत, भिंतीला कापडी पडदे आहेत. बाहेर कसं काढता?

वायपरमोटर
टॉर्क, प्रश्न योग्य आहे. पडद्यांवर आग न धरणारा लेप दिलाय, दर वर्षी पुन्हा देतो. दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी, खेळ चालू असताना कुलूप नाही. काउंटरवर एक लाल बटण आहे, ते दाबलं की सगळ्या हेडसेटमध्ये खेळ जाऊन बाहेरची खोली दिसते. पण माझा भरवसा बटणावर नाही. चार खेळाडूंमागे एक माणूस आत उभा असतो, त्याने खांद्याला हात लावायचा आणि हेडसेट उचलायचा. महिन्यातून एकदा गिऱ्हाइकांना न सांगता, सगळे बाहेर यायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून बघतो. फायरची एनओसी होतीच. राजकोटनंतर तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र पंधरा मिनिटं झोंबी मारले आणि मग दारं बघितली.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार आता तेच करतो. तुमच्या कंपनीत मी होतो का, ते सांगणार नाही. लेस्टरवाल्यांचं उत्तरही इथेच आलं. उरलं ते हे की अनोळखी माणसाच्या डोक्यावर हेडसेट चढवून त्याला तीन मिनिटांत न घाबरवता कामाला लावता येतं. वेल्डिंग करणारे काका 'मला नको हे' म्हणून हात मागे घेतात, त्यांना ते आधी हातात धरून आतून बघू द्यायचं, पट्टा नंतर.

नेटाने_घरी
सगळं ठीक, पण क्वेस्ट घरी आला की तुमच्याकडे कोण येणार? व्हीसीडी पार्लरचं झालं तेच होईल.

वायपरमोटर
होऊ शकतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांच्या घरी किंवा मित्राकडे हेडसेट आहे. पण वन बीएचकेत सोफा आणि टीपॉयच्या मधे किती पळणार? शिवाय घरी एकट्याने, इथे चौघं एकमेकांवर ओरडत. वाढदिवसाची पार्टी हाच आता आमचा मोठा आधार आहे.

मला भीती दुसरीच आहे. डिस्नेने १९९८ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला डिस्नेक्वेस्ट नावाचं व्हीआर खेळांचं केंद्र काढलं, पाच मजली. शिकागोचं १९९९ ला काढलं आणि २००१ ला बंद. ऑरलँडोचं २०१७ पर्यंत चाललं, पण शेवटच्या काळात लोक जुनाट यंत्रं म्हणूनच बघायला जात. डिस्नेकडे पैसा कमी नव्हता, त्यांनी आतलं पुरेसं बदललं नाही. आमच्या गल्लीतलं मंडळ वर्गणी कमी पडली तरी दर वर्षी देखावा बदलतं. तेवढं मला जमत नाहीये. एक नवा खेळ स्वतः बनवायचा तर पोरं बसवून आठ-नऊ महिने. बाहेरून परवान्यावर घेतला तर तोच खेळ हडपसरलाही असतो.

पीएफवाला
नमस्कार. वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. वापरलेल्या दोन अंडी-खुर्च्या निम्म्या किमतीत मिळत आहेत, चिंचवडच्या एका मॉलमध्ये जागाही बोलून ठेवली आहे. पीएफचे पैसे घालावेत का? कृपया स्पष्ट सांगावे.

वायपरमोटर
काका, स्पष्ट: त्या खुर्च्या घेऊ नका. जो विकतोय तो का विकतोय, हे त्याला विचारून उपयोग नाही. सीटखालच्या मोटरचा बेल्ट हाताने ओढून बघा, हेडसेटचे सुटे भाग आता मिळतात का ते विचारा. तरीही मनात असेल तर पैसे देण्याआधी एक करा. त्या मॉलमध्ये तुमच्या जागेसमोर बाकडं असेल, तिथे मंगळवारी दुपारी दोन ते साडेचार बसा. वही घ्या. समोरून किती जण गेले ते मोजू नका, किती जण थांबले ते मोजा. मग शनिवारी संध्याकाळी पुन्हा तेच.

चाफेकळी
काका, खरंच जा. आणि इथे येऊन सांगा.

पीएफवाला
आज मंगळवार. जाऊन आलो. अडीच तासांत नऊ जण थांबले. त्यातल्या चौघांनी मला प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारले, एका बाईंनी 'भाऊ, ही जागा भाड्याने द्यायची आहे का' म्हणून विचारले. शनिवारी पुन्हा जातो. सौ. ही येते म्हणाली आहे, तिला एक वही वेगळी दिली आहे.